ज्यू लोक प्रवासाची प्रार्थना नेमकी कधी म्हणतात? रोज लोकलने जातानाही?

तुम्ही विचारलंय, इस्राएलमध्ये बस गावाबाहेर पडल्यावर शेजारचा माणूस छोट्या कार्डावरून काय पुटपुटत होता, आणि तुमच्या ठाण्यातले ज्यू शेजारी लोकलमध्ये तसं का करत नाहीत.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातला, ठाण्याचाच. ती तेफिलात हादेरेख, म्हणजे वाटेची प्रार्थना. आम्हाला सुखरूप ने, वाटेतल्या शत्रूपासून, दबा धरून बसलेल्यापासून वाचव, असं तिच्यात मागणं असतं. एकटा निघालात तरी ‘मला’ नाही, ‘आम्हाला’ म्हणायचं.

लोकलमध्ये न म्हणण्याचं कारण आळस नाही (माझ्या बाबतीत थोडा असेलही). वस्ती मागे पडल्यावर निदान एक पर्सा जायचं असेल, तरच ती पूर्ण म्हणतात. पर्सा म्हणजे ८,००० हात, साधारण चार-साडेचार किलोमीटर. ठाण्याहून सीएसएमटीला जाताना वस्ती तुटतेच कुठे? इस्राएलमधले मोठे धर्मगुरू रब्बी ओवादिया योसेफ यांच्या मते तर आजच्या वाहनांत अंतर नव्हे, वेळ मोजायचा: शहराबाहेरचा प्रवास ७२ मिनिटांचा हवा. पर्सा चालायला तेवढा वेळ लागतो, म्हणून ७२.

एवढी मोजदाद कशासाठी, तर शेवटच्या ओळीसाठी. तिच्यात देवाचं नाव घेऊन आशीर्वचन आहे, आणि ते नाव विनाकारण उच्चारायचं नाही. म्हणून अंतर कमी असेल किंवा शंका असेल, तर बाकीची प्रार्थना म्हणा, शेवटी नाव घेऊ नका. नुसतं मागणं मागायला कुणाची हरकत नाही.

पुण्याला जाताना मी बदलापूर मागे पडलं की म्हणतो, बसूनच. उभं राहावं की नाही, यावरून तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या आमच्या प्राचीन ग्रंथात, एक मजेदार प्रसंग आहे. रब्बी हिस्दा थांबून म्हणावी या मताचे, रब्बी शेशेत चालता चालता चालेल म्हणणारे. दोघं एकत्र निघाले. हिस्दा थांबले. शेशेत दृष्टिहीन होते, त्यांनी सेवकाला विचारलं, हे काय करताहेत? उभे राहून प्रार्थना करताहेत, असं कळल्यावर म्हणाले, मग मलाही उभं कर. चांगलं वागणं जमत असताना वाईट का म्हणवून घ्यायचं! शुल्हान आरुख हा आमचा धर्मनियमांचा ग्रंथही हेच सांगतो: थांबता आलं तर थांबा, पण जनावरावर बसला असाल तर उतरायची गरज नाही. आता गाडी थांबवायला मी काही साखळी ओढणार नाही.

दिवसातून एकदाच म्हणायची, वाटेत कितीही थांबे झाले तरी. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पुढे निघालात, तर पुन्हा.

आणि तालमूदमध्ये ही प्रार्थना सुरू होते ती एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलिया, याच्या सल्ल्यापासून: वाटेला लागताना आपल्या निर्मात्याला विचार आणि मग नीघ. ज्याच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर दाखवतात, तोच हा एलियाहू. त्यामुळे आमच्या घरी कुणी लांब निघालं की आजी आदल्या दिवशी पोहे भिजवून, गूळ-खोबरं घालून एलियाहूच्या नावाने मलिदा करायची. तिला पर्सा वगैरे काही ठाऊक नव्हतं.