घरचा स्वीट चिली सॉस दुसऱ्या दिवशी का गोठतो?

तुमची अडचण अशी समजली: रात्री सॉस छान वाटला, सकाळी फ्रीजमधून काढला तर चमच्याने कापावा लागला. रंग विकतच्यासारखा लाल न येता तपकिरी आला. आणि चव आधी नुसती गोड, मागून नुसती तिखट. साहित्य तुम्ही लिहिलंय ते असं: दोन वाट्या गूळ, चार चमचे कॉर्नफ्लोअर, दोन चमचे व्हिनेगर, सुक्या मिरच्यांची पेस्ट, आणि सगळं 'दाट होईपर्यंत' आटवलं. शिवाय सासूबाईंच्या उपासाला चालेल का, हेही विचारलंत. त्याचं शेवटी सांगते.

आधी चवीचं, कारण खरी गोम तिथे आहे. या सॉसमध्ये आंबट गोडाच्या बरोबरीने लागतं. आपल्याकडे व्हिनेगर म्हटलं की हात आखडतो, चायनीजवर दोन थेंब टाकायची सवय. पण थायलंडमध्ये भाजलेल्या कोंबडीबरोबर हा सॉस देतात, 'नाम चिम काय' म्हणतात त्याला, त्यात साखर, व्हिनेगर, मिरची, लसूण आणि मीठ एवढाच मामला असतो. व्हिनेगर भरपूर असतं आणि मीठही जाणवेल इतकं. दोन वाट्या गुळाला दोन चमचे व्हिनेगर म्हणजे मिरची घातलेला काकवीचा पाक झाला. गोड आणि तिखट यांना जोडणारं मधे काहीच नाही, म्हणून चव तुटते.

माझं प्रमाण असं: साखर २०० ग्रॅम, पांढरं व्हिनेगर १२० मिली, पाणी १५० मिली, ओल्या लाल मिरच्या ६० ग्रॅमच्या आसपास, लसणाच्या सात-आठ मोठ्या पाकळ्या, मीठ दीड छोटा चमचा, कॉर्नफ्लोअर दोन छोटे चमचे. साधारण एक मध्यम बाटली भरते. व्हिनेगरच्या बाटलीवर आम्लाचं प्रमाण छापलेलं असतं, ४ ते ५ टक्के असेल तर हे माप बरोबर बसतं. सिंथेटिक व्हिनेगरचा वास जरा उग्र असतो, तांदळाचं मिळालं तर चव मवाळ येते, पण साध्या पांढऱ्यानेही सॉस उत्तम होतो. त्यासाठी महागडी बाटली आणायची गरज नाही.

साखरच का, गूळ का नाही? गुळाचा रंग आणि वास दोन्ही मिरचीवर बसतात. चिंच-खजुराच्या चटणीत तेच हवं असतं, इथे नको. दुसरं, व्हिनेगरबरोबर साखर उकळली की आम्लामुळे तिचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि मग पाक परत खडे धरत नाही. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतो ते याचसाठी.

आता मिरची. आपल्या पुण्यात थंडीत मंडईत ओल्या लाल मिरच्या येतात, ज्यांचा आपण रंजका घालतो, त्या या सॉसला सगळ्यात चांगल्या. हंगाम नसेल तर भाजीवालीकडच्या हिरव्या मिरच्यांच्या ढिगात पिकून लाल झालेल्या पाच-दहा असतातच. त्या वेचून मागा, कोणी नाही म्हणत नाही. साल ताठ आणि देठ हिरवा बघा. देठाशी काळी पडलेली घेऊ नका, मोडून पाहिली तर आत बुरशी सापडते. त्याही मिळाल्या नाहीत तर सुकी ब्याडगी घ्या, गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. ब्याडगी रंगाला जबरदस्त, तिखटाला बेताची, म्हणून तिच्या जोडीला एखाद-दुसरी लवंगी टाका. लवंगी एकटी वापरू नका, डोळ्यांतून पाणी येईल आणि रंग काही येणार नाही. मुलांसाठी करत असाल तर मिरची उभी चिरून आतली पांढरी शीर काढून टाका. तिखटपणा मुख्यतः त्या शिरेत असतो, बियांत नाही. बिया राहू द्या, सॉसमध्ये दिसायला छान दिसतात.

वाटताना पेस्ट करायची नाही, हे फार महत्त्वाचं. मिक्सरच्या छोट्या भांड्यात मिरच्या थोड्या व्हिनेगरबरोबर घालून दोन-तीन झटके द्या आणि झाकण उघडून बघा. सालीचे तांदळाएवढे तुकडे दिसायला हवेत. पेस्ट झाली की सॉस गढूळ होतो, ती काचेसारखी झळाळी येत नाही. लसूण तर सुरीनेच बारीक चिरा. वाटलेला लसूण उग्र होतो आणि तो उग्रपणा शिजूनही पूर्ण जात नाही.

भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई गेलेलं पितळेचं भांडं व्हिनेगरला लावू नका. साखर, पाणी, मीठ आणि उरलेलं व्हिनेगर एकत्र उकळत ठेवा. खिडक्या उघडा, कारण व्हिनेगर आणि मिरचीची वाफ एकत्र आली की घरभर ठसका लागतो. साखर विरघळली की मिरची आणि लसूण घाला आणि मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं उकळू द्या. लसणाचा तुकडा कडेने पारदर्शक दिसायला लागला की झालं. एकतारी पाकापर्यंत जायचं नाही.

इथेच तुमचा सॉस गोठला. तुम्ही पाकही आटवलात आणि वर चार चमचे कॉर्नफ्लोअरही घातलंत. साखरेचा पाक गार झाल्यावर आणखी दाट होतो आणि कॉर्नफ्लोअरही फ्रीजमध्ये घट्ट बसतं, त्यामुळे गरम असताना 'बरोबर' वाटणारा सॉस सकाळी वडी होतो. दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे गार पाण्यात कालवा, अगदी शेवटी बारीक धारेने घाला आणि ढवळत राहा. आधी दुधाळ दिसेल, मग मिनिटभरात स्वच्छ होईल. स्वच्छ झालं की लगेच गॅस बंद. आम्लात स्टार्च जास्त वेळ उकळला तर त्याची पकड सुटते आणि सॉस परत पातळ होतो, म्हणून कॉर्नफ्लोअर आधी घालून आटवत बसण्यात काही अर्थ नाही.

दाटपणा कढईत कधीच कळत नाही. एक स्टीलची ताटली आधीच फ्रीजरमध्ये ठेवा. तिच्यावर अर्धा चमचा सॉस टाका, मिनिटभर थांबा, ताटली तिरकी करा. सॉस सावकाश सरकत गेला, मधापेक्षा थोडा पातळ, तर बरोबर आहे. जागचा हलला नाही तर दोन चमचे पाणी घालून एक उकळी आणा. याच वेळी चव घ्या, तीही गार झालेल्या थेंबाची, कारण गरम सॉस जास्त आंबट आणि जास्त तिखट लागतो. नुसत्या चमच्याने चाखण्यापेक्षा कोथिंबीर वडीचा किंवा पापडाचा तुकडा बुडवून खा. बहुतेक वेळा मीठ कमी पडलेलं असतं आणि चिमूटभर मिठाने सगळं जागेवर येतं.

विकतच्या सॉसमध्ये मिरचीचे तुकडे तरंगत राहतात, घरच्यात ते खाली किंवा वर जमतात. याचं कारण बाटलीवरच्या यादीत बहुधा सापडेल: झँथन गम, म्हणजे दाटपणा आणणारा पदार्थ, यादीत त्याचा क्रमांक ४१५ असतो. घरी त्याच्या मागे लागू नका. सॉस कोमट होईपर्यंत मधूनमधून ढवळा आणि वाढताना बाटली हलवा.

टिकण्याचं म्हणाल तर बाटली काचेची घ्या, उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवा, झाकणाला आतून प्लॅस्टिक असू द्या. उघडा पत्रा व्हिनेगरने गंजतो. फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे आरामात राहतो. कधीकधी लसणाचे तुकडे हिरवट-निळे होतात, तेव्हा घाबरू नका. लसणातली गंधकयुक्त द्रव्यं आणि आम्ल यांची ती क्रिया आहे, खायला काही धोका नाही. बुरशी किंवा बुडबुडे दिसले, आंबल्याचा वास आला, तर मात्र सरळ टाकून द्या. व्हिनेगर कमी करून 'सौम्य' सॉस करायचा असेल तर तो टिकवायच्या भानगडीत पडू नका. लसूण असलेल्या पदार्थात पुरेसं आम्ल असायलाच हवं, तिथे तडजोड नको.

आता सासूबाईंचा उपास. लसूण, कॉर्नफ्लोअर आणि व्हिनेगर तिन्ही बाद. साखरेचा पाक पाण्यात करा, त्यात लाल मिरची आणि किसलेलं आलं उकळा, सैंधव घाला. लाल मिरची तुमच्याकडे उपासाला चालत नसेल तर हिरवी घ्या, रंग वेगळा येईल पण साबुदाणा वड्याला तीही झकास लागते. दाटपणाला दोन छोटे चमचे आरारूट, तेही गार पाण्यात कालवून. लिंबाचा रस मात्र गॅस बंद केल्यावर, सॉस कोमट झाला की घाला, उकळला तर त्याचा ताजेपणा जातो. वरच्या साखरेला मोठ्या दोन लिंबांचा रस लागेल, पण लिंबं सारखी नसतात, तेव्हा चाखत चाखत पिळा. हा सॉस फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवायचा.