कीनोर म्हणजे वीणा की व्हायोलिन?

प्रश्न : आमच्या बिल्डिंगमध्ये एक बेने इस्रायली (मराठी बोलणारे यहुदी) आजी राहतात, त्यांची मुलगी लग्न होऊन इस्रायलला गेलीये. परवा व्हिडिओ कॉलवर नातीने नवीन व्हायोलिन दाखवलं आणि म्हणाली, "आजी, हा बघ माझा कीनोर!" आजी एकदम गप्पच झाल्या, मग मला म्हणाल्या, "अगं, कीनोर म्हणजे बायबलातल्या दावीद राजाची वीणा, मराठी स्तोत्रांत मी आयुष्यभर वीणाच वाचत आलेय." तेव्हापासून आमचा वाद चाललाय. कोण चुकतंय, आजी की नात?
– एक वाचक, रास्ता पेठ

उत्तर : कोणीच नाही. आजच्या हिब्रूत कीनोर म्हणजे व्हायोलिन, वाजवणारा तो कनार आणि वाजवणारी कनारीत, म्हणजे तुमची ती नात. आणि आजी जे म्हणतायत तो याच शब्दाचा जुना अर्थ, काही हजार वर्षं चालत आलेला.

जुना कीनोर दिसायला मात्र अगदी वेगळा. खाली लाकडी पेटी, तिच्यातून वर निघालेले दोन हात, त्या हातांवर आडवी पट्टी, आणि पट्टीपासून पेटीपर्यंत तारा. मान नाही, पडदे नाहीत, गज तर नाहीच नाही, कारण गजाने वाजवायची वाद्यं त्या भागात बऱ्याच शतकांनंतर आली. म्हणजे जितक्या तारा तितकेच सूर. आणि तारा म्हणतोय खरं पण ती होती तात. यहुदी लोकांच्या मिश्ना या ग्रंथात एका मेंढ्यापासून काय काय बनतं ते सांगितलंय, शिंगांचे कर्णे, कातड्याचा ढोल, मोठ्या आतड्यांची तात नेवेलला आणि बारीक आतड्यांची कीनोरला. नेवेल हे दुसरं तंतुवाद्य, आजच्या हिब्रूत नेवेल म्हणजे हार्प. बारीक तात म्हटल्यावर कीनोरचा आवाज वरच्या पट्टीतला असणार असं मला वाटतं.

वाजवायचे कसे? पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस सांगतो की कीनोरला दहा तारा आणि तो नखीने वाजवतात. पण बायबलातल्या शमुवेलाच्या पुस्तकात शौल राजाचं मन बिघडायचं तेव्हा दावीद कीनोर घेऊन यायचा आणि 'हाताने' वाजवायचा, मग राजाला बरं वाटायचं. दोन्ही पद्धती असतील, मध्ये हजारेक वर्षं गेलीत. मला स्वतःला सगळ्यात आवडते ती तालमूद या यहुदी धर्मग्रंथातली गोष्ट. दावीदच्या पलंगावर कीनोर टांगलेला असायचा, मध्यरात्री उत्तरेचा वारा सुटला की तो आपोआप वाजायला लागायचा आणि त्या आवाजाने राजा उठून पहाटेपर्यंत तोरा, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र, वाचत बसायचा. ज्याच्या घरात तानपुरा उभा असतो त्याला हे पटेल, शेजारी कुणी मोठ्याने गायलं तरी तारा आपल्याआप गुणगुणतात.

आता मराठीत 'वीणा' का, तर मला हा शब्द एकदम चपखल वाटतो. पंडिता रमाबाईंनी इथे पुण्याजवळच केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, म्हणजे मराठीत हे काम किती मनापासून झालंय बघा. आणि वीणेचं तरी काय झालं? समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यांवर राजा मांडीवर वीणा घेऊन बसलाय ना, ती धनुष्यासारखी वाकलेली आहे, हार्पच्या जातीची. आजची रुद्रवीणा शेजारी ठेवली तर दोघींचं नाव एकच कसं असा प्रश्न पडेल. वाद्य बदललं, नाव राहिलं. कीनोरचंही तेच झालं.

शिवाय वीणा म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात जे येतं ते तिथे लागतं. १३७व्या स्तोत्रात बाबिलोनला कैद करून नेलेले लोक नदीकाठी बसून रडतात आणि वाळुंजाच्या झाडांना आपले कीनोर टांगून ठेवतात, कारण ज्यांनी पकडून आणलं तेच म्हणतायत की तुमची गाणी म्हणून दाखवा. आपल्याकडे सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात, रात्रंदिवस. ज्याने पहाटे तीनचा वीणेचा पहारा केलाय त्याला वाद्य झाडाला टांगून मोकळं होणं म्हणजे काय ते वेगळं समजावायला नको.

एक वापरातली गोष्ट आजींना नक्की सांगा. वाजवणे याला हिब्रूत जे क्रियापद आहे, नगेन, ते मुळात तारा छेडण्याचं, स्तोत्रांच्या वर 'बिनगिनोत' असं लिहिलेलं असतं ते त्यातूनच आलंय, म्हणजे तंतुवाद्यांच्या साथीने. आज ते पियानोलाही चालतं. नात व्हायोलिन वाजवते हे सांगायचं तर 'मेनगेनेत बेकीनोर'. दावीदसाठीही हेच क्रियापद वापरलंय.

प्रश्न : कीनोर आणि आपली किन्नरी वीणा, किन्नर, हे एकच ना? आवाज तर सारखाच आहे.
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ऐकायला सारखं आहे, पण मी नातं जोडणार नाही. कीनोरच्या कुळातला शब्द सीरियातल्या एब्ला शहरातल्या मातीच्या पाट्यांवर सापडतो, त्या सुमारे ४३०० वर्षांपूर्वीच्या, म्हणजे शब्द त्याच भागातला जुना रहिवासी आहे. आपली किन्नरी म्हणजे लांब दांडी, तिच्यावर पडदे आणि खाली भोपळे, कीनोरला यातलं काहीच नाही. किन्नरीचं सविस्तर वर्णन १३व्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर'मध्ये केलंय, लघ्वी आणि बृहती असे प्रकार देऊन, आणि तो होता देवगिरीला, यादवांच्या दरबारी. दांडी, पडदे, भोपळे असलेली वाद्यं जवळून बघायची असतील तर पुण्याच्या केळकर संग्रहालयात वाद्यांच्या दालनात एक दुपार काढा, पेटीला दोन हात असलेलं वाद्य आणि दांडीची वीणा यांत काय फरक ते लगेच डोळ्यांसमोर येईल.