वाचक विचारतात : तो ८-३ चा मार मुद्दाम खाल्ला होता काय?

प्रश्न : आमचे कोच सर मॅचच्या आधी दरवेळी एकच डायलॉग मारतात, "बॉल गोल आहे अन् मॅच ९० मिनिटांची आहे." परवा म्हणाले हे एका जर्मन कोचचं वाक्य आहे, तो १९५४ च्या वर्ल्डकपमध्ये एक मॅच मुद्दाम हरला अन् मग कप घेऊन गेला. खरं आहे काय हे भाऊ? (एक वाचक, कामठी)

उत्तर : वाक्य बरोबर आहे, गोष्टीवर मात्र सरांनी थोडी तर्री ओतली. हा माणूस म्हणजे सेप हेरबर्गर, मानहाइमच्या मजुराच्या घरातला, जन्म १८९७ चा.

आता त्या वर्ल्डकपचा फॉरमॅट बघा, लयच अजब होता. गटात ४ टीम, त्यातल्या २ मानांकित, आणि मानांकित टीम मानांकित टीमशी खेळायचीच नाही, म्हणजे प्रत्येकाला गटात फक्त २ मॅच. वर दुसऱ्या नंबरसाठी पॉइंट सारखे झाले तर गोलफरक वगैरे काही नाही, सरळ प्लेऑफ, म्हणजे त्या दोघांत अजून एक मॅच. पश्चिम जर्मनीच्या गटात हंगेरी अन् तुर्कस्तान मानांकित, जर्मनी अन् दक्षिण कोरिया बिनमानांकित. जर्मनीनं तुर्कस्तानला ४-१ नं हरवलं, पुढची मॅच हंगेरीशी, जी १९५० पासून कोणाकडूनच हरली नव्हती, आणि तिकडे तुर्कस्तान कोरियाला सहज खाणार हे कोणालाही दिसत होतं (खाल्लंच, ७-० नं). म्हणजे तुर्कस्तानशी प्लेऑफ ठरलेलाच, मग हंगेरीसमोर मेन पोरं दमवायची कशाला? हेरबर्गरनं बरेच जण बाहेर बसवले आणि ८-३ चा मार खाल्ला. याला मी मुद्दाम हरणं म्हणणार नाही, हरलो तरी चालेल असा हिशोब लावणं म्हणीन, दोन्हीत फरक आहे. घरी जर्मनीत लोक जाम भडकले होते. पण प्लेऑफमध्ये तुर्कस्तानला ७-२, मग युगोस्लाव्हियाला २-०, सेमीफायनलला ऑस्ट्रियाला ६-१, आणि फायनलला पुन्हा समोर हंगेरीच! त्या ८-३ च्या मॅचमध्ये जर्मनीच्या लीब्रिखच्या टॅकलनं हंगेरीचा कॅप्टन पुश्काश याचा घोटा गेला होता, पुश्काश मधल्या दोन्ही मॅच बाहेर होता अन् फायनलला पूर्ण बरा न होताच उतरला. ही गोष्ट मात्र कोणाच्या हिशोबातली नव्हती.

४ जुलै १९५४, बर्नचं वांकडॉर्फ स्टेडियम, धो धो पाऊस. ८ मिनिटांत हंगेरी २-०. झालं, पुन्हा आठ खाणार असं वाटत असतानाच १० व्या मिनिटाला जर्मनीचा मोरलॉक, १८ व्या मिनिटाला त्यांचाच हेल्मुट रान, २-२. ८४ व्या मिनिटाला रानचा अजून एक, ३-२. पुश्काशनं शेवटी शेवटी एक टाकलाच होता पण ऑफसाइड दिला, त्यावर आजही भांडणं होतात. पावसाचं म्हणाल तर जर्मनीचा कॅप्टन फ्रिट्झ वाल्टर याला युद्धात मलेरिया झालेला, त्याला ऊन झेपायचं नाही, पावसात मात्र तो खुलायचा. आणि सोबत बूट बनवणारा आडी डासलर होता, त्याच्या बुटांचे स्टड स्क्रूनं बदलता यायचे, चिखल बघितला की लांब स्टड लावा. आपल्याकडे जुलैत काळ्या मातीवर खेळलेल्या माणसाला याची किंमत सांगायला नको, दहा मिनिटांत बुटाखाली पावपाव किलोचे गोळे चिकटतात आणि हाफटाइमला पोरं काडीनं खरवडत बसतात.

प्रश्न : हेरबर्गरच जर्मनीचा पहिला कोच ना? (महाल, नागपूर)

उत्तर : नाही दादा. पहिला ओटो नेर्झ, १९२६ पासून. कडक शिस्तीचा, मास्तरकी केलेला, पुढे डॉक्टरही झाला. १९३४ च्या वर्ल्डकपला तिसरा नंबर आणला, पण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हिटलर बघायला आलेला असताना नॉर्वेकडून ०-२ हरला आणि तिथून त्याची सद्दी संपली. असिस्टंट हेरबर्गर वर आला. दोघंही नाझी पक्षाचे मेंबर होते हे लपवायचं कारण नाही, नेर्झनं तर पुढे ज्यूंविरुद्ध विषारी लेख लिहिले. तो १९४९ साली सोव्हिएत कैदेत मेला.

हेरबर्गरची १९३७ ची टीम एक नंबर होती, ब्रेस्लाउमध्ये डेन्मार्कला ८-० हाणलं होतं. पण १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि वरून हुकूम आला की टीममध्ये दोन्हीकडचे खेळाडू साधारण अर्धे अर्धे घ्या. व्हिएन्नावाल्यांची खेळायची तऱ्हा वेगळी, यांची वेगळी, पोह्याच्या तर्रीत श्रीखंड कालवल्यासारखं झालं ते. त्याच वर्षीच्या वर्ल्डकपला पॅरिसमध्ये स्वित्झर्लंडशी १-१, रीप्लेला २-० पुढे असूनही २-४ नं हरले, पहिल्याच राउंडला घरी.

प्रश्न : हेरबर्गर स्वतः कसा खेळायचा? (एक वाचक, सदर)

उत्तर : फॉरवर्ड होता, देशाकडून फक्त ३ मॅच, पहिलीत फिनलंडविरुद्ध २ गोल. पण एका क्लबकडून १० हजार मार्क घेतले अन् गेला दुसऱ्याच क्लबात, बोंब झाली! तेव्हा जर्मनीत फुटबॉलचे पैसे घेणं म्हणजे गुन्हा, म्हणून प्रोफेशनल ठरवून त्याच्यावर बंदी घातली, नंतर ती एका वर्षावर आली. गंमत म्हणजे १९६३ ला बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची देशभराची लीग, सुरू झाली, खेळाडूंना उघड पगार मिळायला लागले, तेव्हा देशाच्या टीमचा कोच हाच होता, आणि अशी लीग पाहिजे म्हणून कित्येक वर्षं मागे लागलेलाही हाच.