बटण दाबलं, पण पंखा हलेना
वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : नातू पुण्याला शिकतो. सुट्टीत त्यानं सुटे भाग मागवून कॉम्प्युटर जोडायला घेतला आणि कॉलेज सुरू झालं म्हणून अर्धवट टाकून गेला. जाड वायरी त्यानं लावल्या होत्या. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूनं आलेल्या बारीक वायरी लोंबत होत्या, त्या मी लावल्या. मदरबोर्डवर दिवा लागतो, पण बटण दाबलं तरी पंखा हलत नाही. वायरी उलट्या लागून बोर्ड जळला असेल का? शिवाय पॉवर एलईडीच्या टोकाला तीन छिद्रं आहेत, ते कुठेच बसत नाही.
– एक निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : गुरुजी, निर्धास्त राहा, वायरी उलट्या बसल्या म्हणून बोर्ड जळत नाही. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटातल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, मागचा खटका चालू केला की बटण न दाबताही ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा बोर्डाला मिळतो. तुम्हाला दिसतो तो दिवा त्याचाच. पुढचं बटण दोन पिना क्षणभर एकमेकींना भिडवतं, बस्स. तेवढ्या इशाऱ्यावर बोर्ड एसएमपीएसला उठवतो. त्यामुळे पॉवर आणि रिसेट या टोकांना उलट-सुलट असं काही नसतं. दिव्यांच्या टोकांना असतं, पण ती उलटी बसली तर दिवा लागत नाही, इतकंच.

तुमची भीती जुन्या काळात मात्र रास्त होती. इंटेलनं १९९५ साली एटीएक्स ही बोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएसची आजची रचना आणली. त्याआधीच्या एटी कॅबिनेटात पुढच्या बटणापर्यंत थेट घरातले २३० व्होल्ट यायचे. जाड केबल, तिच्यात तपकिरी, निळी, काळी, पांढरी अशा चार वायरी. आणि एसएमपीएसचे पी८, पी९ हे दोन जोड शेजारी-शेजारी लावताना दोन्हींच्या काळ्या वायरी मध्ये आल्या नाहीत, तर बोर्डाची आशा सोडायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात मी जोडणी शिकले ती ‘काळ्याला काळी’ असं घोकतच.

आता दोष शोधू. पॉवर एसडब्ल्यू (म्हणजे पॉवर स्विच) लिहिलेलं टोक काढून ठेवा. मॅन्युअलमध्ये बघून पॉवर बटणाच्या दोन पिना नक्की करा, मग वीज चालू करून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं त्या दोनच पिनांना एकदम, क्षणभर स्पर्श करा. टेस्टरचं चपटं टोकही चालेल, फक्त तिसऱ्या पिनेला लागू देऊ नका. इथे शॉक बसेल एवढे व्होल्ट नाहीत. पंखा फिरला तर बोर्ड ठणठणीत आहे, दोष बटणात किंवा वायरीत. मग वीज बंद करून रिसेटचं टोक त्याच दोन पिनांवर बसवा आणि वीज देऊन रिसेटचं बटण दाबा. दोन्ही बटणांची जात एकच. कॉम्प्युटर सुरू झाला तर पॉवरचं बटण खराब आहे असं समजा. नातू येईपर्यंत रिसेटनं काम चालवा, काही बिघडत नाही. स्क्रू ड्रायव्हरनंही पंखा हलला नाही, तर या बारीक वायरींचा पिच्छा सोडा आणि २४ पिनांचा जाड जोड कट्ट वाजेपर्यंत आत गेला आहे का ते बघा.

पिना ओळखायची युक्ती अशी. या बारीक वायरींच्या पिनांच्या जागेला प्रत्येक कंपनीचं वेगळं नाव : एमएसआयच्या बोर्डावर जेएफपी१, गिगाबाइटच्या बोर्डावर एफ पॅनेल, एसरॉकच्या बोर्डावर पॅनेल१. बहुधा खालच्या उजव्या कोपऱ्याजवळ सापडते. आजच्या बहुतेक बोर्डांवर तिथे दोन रांगांत ९ पिना असतात आणि एका कोपऱ्यातली दहावी मुद्दाम गाळलेली असते. ज्या रांगेत चारच पिना आहेत ती सगळी पॉवरची : दोन दिव्याच्या, दोन बटणाच्या. पाच पिनांच्या रांगेत हार्ड डिस्कचा दिवा, मग रिसेट, आणि शेवटची एकटी पिन मोकळी सोडायची. दोन्ही रांगांत दिवे रिकाम्या कोपऱ्यापासून लांबच्या टोकाला आणि बटणं जवळच्या. माझा अंदाज, तुमचं पॉवरचं टोक रिसेटच्या पिनांवर बसलं असावं. तरीही मॅन्युअलमधलं चित्र उघडून बघाच, कारण काही बोर्डांवर, विशेषतः जुन्या, इथे २० पिनांची जागा असते आणि तिचा हिशेब वेगळा.

वायरींच्या रंगावर विसंबू नका. काळी किंवा पांढरी वायर बहुधा ऋण असते, पण कॅबिनेट बनवणारे रंगांबाबत मनाचे राजे आहेत. टोकाच्या प्लॅस्टिकवर बारीकसा त्रिकोण असेल तर ती बाजू बहुतेक वेळा धन.

तीन छिद्रांचं टोक जुन्या पद्धतीचं आहे. त्यात वायरी दोन्ही कडांना आणि मधलं छिद्र रिकामं असतं. तुमच्या बोर्डावर दिव्याच्या दोन्ही पिना शेजारी-शेजारी आहेत. टाचणीनं प्लॅस्टिकची जीभ किंचित उचला, कडेची एक वायर हलकेच ओढून काढा आणि मधल्या छिद्रात सरकवा. हे सुईत दोरा ओवण्याइतकं किचकट वाटलं तर सोडून द्या, त्या दिव्यावाचून कॉम्प्युटरचं काही अडत नाही.

वायरी काढताना-घालताना मागचा खटका बंद, प्लग बाहेर, आणि बोर्डावरचा दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबायचं. खटका बंद केल्यावरही तो काही सेकंद लागलेला राहतो. टोकं धरायला भुवयांचा चिमटा छान, सूनबाईंकडे मागा.

राहून राहून राग येतो तो बोर्ड बनवणाऱ्यांचा. यूएसबीचा जोड सगळीकडे एकच ठेवता येतो, मग ज्या बटणानं सगळं सुरू होतं त्याच्याच वायरी अशा सुट्या कशाला? एसस काही बोर्डांसोबत क्यू-कनेक्टर नावाचा छोटा ठोकळा देते. वायरी बाहेर बसून त्यात लावायच्या आणि ठोकळा एकदाच दाबायचा. असा ठोकळा प्रत्येक खोक्यात का नसावा?

प्रश्न : ताई, हेडफोन मागच्या जॅकला लावला की आवाज येतो, पुढच्या जॅकला येत नाही. कॅबिनेटच्या वायरीला एसी ९७ आणि एचडी ऑडिओ अशी दोन टोकं आहेत. दोन्ही लावायची का?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : नाही गं, फक्त एचडी ऑडिओ. दुसरं जुन्या बोर्डांसाठी आहे, ते बांधून ठेव. एचडी ऑडिओ लावूनही आवाज आला नाही तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) फ्रंट पॅनेल टाइप आहे का ते बघ आणि तिथे एचडी निवड. हे टोक लावायची जागा बोर्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असते, म्हणून वायर ग्राफिक्स कार्डाखालून लांबवर ओढली जाते आणि मग हेडफोनमध्ये गुणगुण ऐकू येते. शक्य असेल तर ती कॅबिनेटच्या मागच्या कप्प्यातून फिरवून आण.

प्रश्न : पुढच्या यूएसबी ३ ची निळी केबल बोर्डावर बसतच नाही. जोर लावू का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : अजिबात नको. त्या जोडात १९ पिना आहेत आणि त्या पटकन वाकतात. केबलच्या टोकावरचा उंचवटा बोर्डावरच्या खाचेसमोर आला की ती सरळ जाते. तुमच्या बोर्डावर फक्त ९ पिनांचीच यूएसबीची जागा असेल तर १९ चे ९ करणारा अडॅप्टर मिळतो. वेग यूएसबी २ चाच मिळेल, पण पेनड्राइव्ह चालेल.