गच्चीवर नुसती बसलेली मुलगी

औसा तालुक्यातील एका शेतकरी पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बारावीत असून लातूरला खोली करून राहते आणि वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करते. पहाटे ५ ते रात्री ११ असे वेळापत्रक आखून दिलेले असूनही सराव परीक्षेतील तिचे गुण तीन महिन्यांपासून ४८०च्या आसपासच अडकले आहेत. मागच्या रविवारी वडील अचानक भेटायला गेले, तेव्हा ती गच्चीवर नुसतीच बसलेली दिसली, म्हणून ते रागावले. वेळ वाया जाणार नाही असे अधिक काटेकोर वेळापत्रक करून द्यावे आणि तिला नांदेडच्या क्लासला घालावे का, हेही कळवावे, अशी त्यांची विनंती आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण पाठवलेले वेळापत्रक आणि तिच्या तीन परीक्षांची कच्च्या कामाची पाने मी नीट पाहिली. भौतिकशास्त्रात तिचे एकूण ३१ प्रश्न चुकले असून त्यांपैकी १९ प्रश्नांची सूत्रे तिला येत होती, हे त्या पानांवरूनच दिसते. एका प्रश्नात पृष्ठभाग गुळगुळीत असल्याचे स्पष्ट दिले होते, तरी तिने सवयीने घर्षणाचे सूत्र मांडले, अर्धे पान आकडेमोड केली आणि जवळात जवळचा पर्याय निवडला. हा अभ्यास कमी पडल्याचा दोष नव्हे. प्रश्न वाचून क्षणभर थांबण्याची सवय मोडल्याचा आहे. १८० मिनिटांत १८० प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, अशा परीक्षेत ही सवय महागात पडते.

ती सवय का मोडली, याचे उत्तर आपल्या वेळापत्रकातच आहे. जेवणाला १५ मिनिटे ठेवली आहेत, आणि खोलीपासून क्लास असलेल्या ट्यूशन एरियापर्यंतच्या चालण्यातही कानात रेकॉर्ड केलेले लेक्चर आहे. ऐकलेले मनात मुरण्यासाठी त्यात जागाच उरलेली नाही. रान ओले असताना औत घातले तर ढेकळे निघतात, म्हणून पाऊस उघडल्यावर वाफसा येईपर्यंत आपण थांबता. त्या दिवसांत बांधावर उभे राहून मूठभर माती दाबून पाहणाऱ्या शेतकऱ्याला गावात कोणी आळशी म्हणत नाही.

एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. त्यांनी काही जणांना छोट्या गोष्टी ऐकवल्या. एका गोष्टीनंतर १० मिनिटे शांत बसू दिले, तर दुसरीनंतर लगेच संगणकावरील खेळात गुंतवले. विश्रांतीआधी ऐकलेली गोष्ट सात दिवसांनंतरही त्यांना अधिक चांगली आठवत होती. प्रयोगातील मंडळी वयस्कर होती, त्यामुळे तो सतरा वर्षांच्या मुलीला जसाच्या तसा लावता येणार नाही. मात्र माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा अनुभव याच दिशेचा आहे.

म्हणून आणखी काटेकोर वेळापत्रक मी करून देणार नाही. उलट, असलेल्यातून दोन गोष्टी काढून टाकाव्यात : चालतानाचे लेक्चर आणि रविवार संध्याकाळची जादा परीक्षा. मोकळ्या झालेल्या वेळात ‘५ ते ५.३० चिंतन’ असे काही लिहू नका, कारण मग तोही वेळापत्रकातला एक रकानाच होईल आणि तिला त्याचाही हिशेब द्यावा लागेल. ती गच्चीवर बसेल, चहा करील किंवा चुकलेला एखादा प्रश्न मनात घोळवील. एवढी अट मात्र असावी की त्या वेळी मोबाइल खोलीत राहील. रील्स पाहत घालवलेल्या अर्ध्या तासाला मी शांत वेळ म्हणत नाही. झोपेतून कपात करूनही हा वेळ काढू नये.

आपणही एक पथ्य पाळावे. रोज रात्रीच्या फोनवर ‘आज किती तास झाले?’ असे विचारण्याऐवजी, कोणता प्रश्न कुठे अडला, ते तिला सांगू द्यावे. सांगता सांगताच तिची गाठ सुटेल, असे बरेचदा घडते. आपल्याला भौतिकशास्त्र येत नसले तरी बिघडत नाही.

नांदेडला पाठवण्याचा विचार तूर्त सोडावा. क्लास बदलला की नवे शिक्षक, नवी खोली आणि नव्या नोट्स यांत महिनाभर जातो, आणि या चुका शिकवण्यातील त्रुटींमुळे झालेल्या नाहीत. पुढच्या चार सराव परीक्षांची कच्च्या कामाची पाने मला पाठवा. एकूण गुण तेवढेच राहिले, तरी सूत्र येत असूनही चुकलेले प्रश्न १९वरून किती खाली आले, ते मी आधी पाहीन.