दोन केबल लावूनही सर्व्हरचा स्पीड एक गिगाबिटच का?

तुम्ही खरं तर दोन गोष्टी विचारल्या आहेत. उबुंटू सर्व्हरचे एक-एक गिगाबिटचे दोन पोर्ट मोड ४ मध्ये बॉन्ड केलेत (म्हणजे जोडून एकच पोर्ट असल्यासारखे केलेत), केबल दोन वेगवेगळ्या स्विचना दिल्यात, तरी मोठी फाइल कॉपी करताना स्पीड एका गिगाबिटच्या वर जात नाही. शिवाय एक स्विच रीस्टार्ट केला तेव्हा सर्व्हर अर्धा मिनिट गायब झाला.

स्पीडचं आधी सांगतो. मोड ४ मध्ये एक कनेक्शन एकाच केबलवरून जातं. तसं नसतं तर पॅकेट मागेपुढे पोचली असती. त्यामुळे एक आरसिंक (फाइल कॉपी करायचं टूल) चालवला की सेकंदाला ११०-११५ एमबीच मिळणार, केबल दोन असोत की चार. दहा जण एकदम कॉपी करत असतील तर फरक दिसतो. तोही हॅश पॉलिसी, म्हणजे कुठलं कनेक्शन कुठल्या केबलवर जाईल तो नियम, 'लेअर ३+४' (आयपी आणि पोर्ट नंबर बघणारी) ठेवली तर, कारण मूळची 'लेअर २' फक्त मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता) बघते आणि गेटवेकडे (बाहेर नेणाऱ्या राउटरकडे) जाणारं सगळं एकाच केबलवर लोटते.

पण तुमच्याकडे गाडी तिथपर्यंतही जात नाही. मोड ४ म्हणजे एलएसीपी (सर्व्हर आणि स्विच आपसात बोलून केबल एकत्र करतात तो प्रोटोकॉल), आणि त्यासाठी दोन्ही केबल एकाच स्विचला हव्यात, किंवा ते दोन स्विच स्टॅक वा एमएलॅगने (दोन स्विचना एकच स्विच असल्यासारखं वागवणाऱ्या सोयीने) एक झालेले हवेत. 'प्रॉक'मधल्या 'नेट', मग 'बॉन्डिंग' फोल्डरमध्ये तुमच्या बॉन्डच्या नावाची फाइल उघडा. दोन्ही पोर्टचा ॲग्रीगेटर आयडी (केबलच्या गटाचा क्रमांक) वेगळा दिसला, तर एक केबल नुसती लटकून आहे. पार्टनर मॅक (समोरच्या स्विचचा पत्ता) सगळा शून्य असेल, तर समोरचा स्विच एलएसीपी बोलतच नाही.

स्वतंत्र स्विच असतील तर मी डोळे झाकून मोड १, म्हणजे ॲक्टिव्ह-बॅकअप घेतो. एक पोर्ट चालू, दुसरा तयारीत. स्विचवर काहीच करावं लागत नाही. फक्त एमआयआय मॉनिटर (केबल चालू आहे का हे दर किती वेळाने तपासायचं ते) १०० मिलिसेकंद असं स्वतः लिहा. मोड ४ ते आपोआप लावून घेतो, मोड १ नाही. आणि ते शून्य राहिलं तर केबल निघाली तरी बॉन्डला पत्ता लागत नाही.

आता गायब होण्याचं. हे मी भोगलंय. मोड १ होता, पहिला पोर्ट प्रायमरी, म्हणजे पसंतीचा. रात्री स्विच रीस्टार्टला टाकला, एखाददुसरा पिंग चुकला, सगळं सुरळीत. स्विच परत आला आणि सर्व्हर गेला! रॅकसमोर उभा आहे, पोर्टचा हिरवा दिवा लागलाय, आणि पिंगला उत्तर नाही. झालं होतं असं, की दिवा लागताक्षणी बॉन्ड प्रायमरीवर परतला, पण स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी स्विचची सोय) तो पोर्ट उघडायला १५ अधिक १५ म्हणजे ३० सेकंद घेत होता. तेवढा वेळ सगळं खड्ड्यात. मोड १ घेतल्यावर तुम्हालाही हेच भेटू शकतं. त्यावर उपाय म्हणजे स्विचचा तो पोर्ट एज पोर्ट करणं, म्हणजे तो न थांबता लगेच उघडतो (काही स्विचवर याला पोर्टफास्ट म्हणतात). ते हातात नसेल तर सर्व्हरवर अप-डिले (दिवा लागल्यावर पोर्ट वापरायच्या आधी थांबायचा वेळ) ४० सेकंद द्या. मी प्रायमरी-रीसिलेक्टही 'फेल्युअर' ठेवतो, म्हणजे चालू पोर्ट बरा असताना बॉन्ड उगाच उडी मारत नाही.

बदल करताना 'नेटप्लॅन ट्राय' या, नेटवर्क सेटिंग तात्पुरती लावून बघायच्या कमांडच्या भरवशावर अजिबात राहू नका. एरवी ते १२० सेकंदांनी जुनी सेटिंग परत आणतं, पण बॉन्डचे पॅरामीटर त्याला उलटवता येत नाहीत. आयपीएमआय कन्सोल (नेहमीचं नेटवर्क गेलं तरी दुरून सर्व्हरचा स्क्रीन दाखवणारा) उघडा ठेवा, नाहीतर सरळ मॉनिटर-कीबोर्ड लावून बसा.

नंतर पिंग चालू ठेवून पहिली केबल उपसा, तीच परत लावा आणि पूर्ण एक मिनिट थांबा. मग दुसरी. लावल्यानंतरच्या त्या मिनिटात काय होतं ते इथे लिहा, मी बघतो.