नागपुरात शेतमजुरांचे शिल्प उभारायचे झाल्यास ते कसे असावे?
नमुना म्हणून शांतिनिकेतनातील शिल्पकार रामकिंकर बैज यांचे ‘संथाल कुटुंब’ पाहावे. १९३८ साली सिमेंट व जांभ्या खडीतून घडवलेल्या या शिल्पात बिऱ्हाड घेऊन निघालेले संथाल आदिवासी जोडपे असून पुरुषाच्या खांद्यावरील कावडीच्या टोपलीत मूल बसले आहे. सोबत कुत्राही आहे.

आपल्याकडे नांगरधारी शेतकरीच आधी सुचतो (तो आता पुरे, असे माझे मत). विदर्भाच्या कापसाला खरा हात लागतो तो वेचणीच्या बायांचा: कमरेला ओटा (वेचलेला कापूस ठेवायची कापडी झोळी) बांधून, बोंडाच्या टोकदार कवचांनी बोटे ओरबाडून घेत त्या वाकूनच पिकाच्या एकेका ओळीतून पुढे सरकतात. शिल्प त्या वाकलेल्या पाठीचे असावे, चौथरा गुडघ्याएवढाच ठेवावा आणि जागा कॉटन मार्केट परिसरातील निवडावी.